मास्तरांनी उसवलेला अंगरखा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शिवकाळातल्या एकाही मावळ्याच्या अंगरख्याला खिसा नव्हता.

हसू नका. मी हसलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून मला अर्धा तास दोन्ही हात आडवे पसरून उभं राहावं लागलं होतं. ही बातमी मला ज्या गृहस्थांनी दिली त्यांच्या ओठांत त्या वेळी चार टाचण्या होत्या, गळ्यात टेप होती आणि चेहरा असा पडलेला, की यांच्या घरी काही बरंवाईट झालं असावं असं वाटावं. टाचण्या न काढताच ते म्हणाले, "मावळ्याला खिसा मागतो! त्यात काय ठेवणार तो, रेशनकार्ड?"

खिसा मी माझ्यासाठी मागत नव्हतो. आमच्या नाटकाचा नायक रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता आणि त्याला दर प्रवेशानंतर तपकीर ओढावी लागे. डबी ठेवायला जागा हवी, एवढीच त्या वीराची मागणी होती. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला. "कमरेला शेला आहे ना? त्यात खोच म्हणावं. तीनशे वर्षं लोक तिथेच खोचत आले, कोणी मेलं नाही."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी मास्तर. मुलुंड नुकतंच मुंबईत सामील झालं होतं आणि मुलुंडला अजून त्याचा पत्ता लागला नव्हता, त्या वर्षांतली ही हकिगत. भाजीबाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. पुढच्या बाजूला पायमशीन, चिंध्यांचा ढीग आणि 'बुशशर्टचे स्पेशालिस्ट' अशी पाटी. मागे एक पडदा. पडद्याआड अकरा ट्रंका. पोट पडद्याच्या बाहेर, जीव पडद्याच्या आत.

ते मूळचे मालवणकडचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायला लागले. कंपनी बुडाली तेव्हा नटांनी मुकुट नेले, मालकांनी पडदे नेले, आणि कपड्यांच्या ट्रंका जड म्हणून कोणी उचलेना, त्या यांनी उचलल्या. पुढे त्यांत स्वतःच्या हातची भर घातली. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत गणपतीत जेवढी ऐतिहासिक नाटकं होत, तेवढ्यांचे सरदार, हुजरे, बाजारबुणगे आणि राण्या या अकरा ट्रंकांतून बाहेर पडत आणि घामाने भिजून पुन्हा ट्रंकांत शिरत.

तुम्ही त्यांना भेटला असतात तर पहिल्याच मिनिटाला दचकला असता. आपण नमस्कार करायला हात उचलायचा आणि त्यांनी आपल्या शर्टाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळायची. "पॉपलीन," ते म्हणायचे. मग वर बघून, "हां, तू होय!" त्यांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत असं नाही, पण चेहऱ्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं उपरणं असंच चोळलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "कापड चांगलं आहे. काठ नंतर जोडलाय." सासरे त्यानंतर तीन वर्षं माझ्याशी जपून बोलत.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "उसवून बघितल्याशिवाय बोलू नये." कुठलाही जुना कपडा हाती आला की हा माणूस आधी ब्लेड काढी. बाहेरून कपडा काय, कोणालाही फसवतो, असं त्यांचं म्हणणं. शिवणीच्या आत गेलं की तो खरं बोलतो. कापड किती राखलंय, दोरा कसला, बेतणाऱ्याला घाई होती की सवड, सगळं आत. शेजारच्या न्हाव्याने एकदा हौसेने आजोबांची बाराबंदी आणून दाखवली. बारा बंदांची ती जुनी सदऱ्यासारखी असते ना, ती. न्हावी चहा सांगायला कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत येतो तो बाराबंदीचे सात तुकडे चटईवर ओळीने मांडलेले! न्हाव्याने वस्तरा उगारला. मास्तर शांतपणे म्हणाले, "आजोबा तुझे डावीकडे झुकून चालायचे का रे?" न्हाव्याचा हात तसाच वर राहिला. "हो, पण तुम्हाला कसं...?" "डावी कूस आखूड बेतलीय. शिंपी चांगला होता." संध्याकाळपर्यंत बाराबंदी पहिल्यासारखी शिवून मिळाली, आणि न्हावी पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना आजोबांच्या चालण्याची गोष्ट सांगत होता.

रविवारी सकाळी ते मला दुकानाच्या पायरीवर बसवत आणि भाजीबाजार दाखवत. "बघ चिटणीसा," ते म्हणायचे. मंडळाच्या नाट्यशाखेचा मी सेक्रेटरी, म्हणून चिटणीस. "ती मासळीवाली बघ. ते लुगडं गुडघ्यापर्यंत कसून नेसण्याची तऱ्हा किती जुनी आहे ते तिलाही माहीत नाही. तिच्यामागे ते लाल पगडीवाले भटजी, ती पगडी पेशवाईतली. तो कोटटोपीवाला साहेबाच्या वेळचा. आणि तू मेल्या बुशशर्टातला, तुला तर बापच नाही. सगळे वांगी चाचपतायत. कोण म्हणतो जुना काळ गेला म्हणून?"

त्या वर्षांत आमच्याच डोळ्यांदेखत बायकांचं नऊवारी सुटून पाचवारी येत होतं. आमच्या चाळीत पहिली गोल साडी पहिल्या मजल्यावरच्या टेलिफोन ऑफिसातल्या बाईंनी नेसली, तेव्हा चाळीने नाकं मुरडली. मास्तरांनी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती निळ्या खडूने गोल केला. मी विचारलं तर म्हणाले, "राजे कधी मेले ते पुस्तकात लिहितात. कासोटा कधी सुटला ते कोणी लिहीत नाही. पुढे कोणी विचारलं तर?"

त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा सर्वांत मोठा प्रयोग घाटकोपरच्या मांडवात झाला. नाटक रंगात आलेलं. आमचा तपकीरवाला नायक दरबारात उभा राहून गर्जना करतोय आणि मास्तर विंगेत कपाळावर हात मारून घेतायत. गडबडीत नायकाच्या अंगरख्याचे बंद कोणीतरी उजव्या बाजूला बांधले होते. "अरे, मोगलाकडचा सरदार उजवीकडे बांधायचा, आपला डावीकडे! हा तर शत्रूला मिळालाय!" मी म्हटलं, मास्तर, आठशे माणसांत हे कळणारे तुम्ही एकटेच. ते म्हणाले, "मग एकट्यासाठी." आणि अंगात स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि गळ्यात टेप, अशा वेषात सरळ रंगमंचावर गेले. मुजरा केला. "महाराज, पोशाख!" म्हणून नायकाचे बंद सोडले, दुसरीकडून बांधले, पुन्हा मुजरा करून उलट पावलांनी विंगेत आले. नायकाला पुढचं वाक्य आठवेना. पण मांडवाने टाळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी मला विचारलं, तो टेपवाला हुजऱ्या कोण हो? काय काम केलंन!

आता मुद्द्यावर येतो. मास्तरांच्या दुकानाची जागा पिठाच्या गिरणीला द्यायचं मालकाने ठरवलं. पुढची मशीन ठेवायला मास्तरांना बाजारातच एक ओटा मिळाला, पण अकरा ट्रंका जाणार कुठे? त्यांच्या बिऱ्हाडात पाच माणसं आणि एक खाट. दिवाळीपर्यंत जागा रिकामी करायची होती. भंगारवाला दोनदा येऊन ट्रंका बोटाने वाजवून गेला होता. पत्र्याचे पैसे देतो, आतलं तुम्हीच न्या, असं त्याचं उदार बोलणं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत असं त्यांची बायको मला सांगत होती.

तेवढ्यात वकीलसाहेब देवासारखे धावले. वकीलसाहेब म्हणजे आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, शाळेच्या कमिटीचेही अध्यक्ष, आणि मुलुंडात जिथे जिथे खुर्चीवर हार ठेवलेला असे तिथे तिथे तेच. शाळेमागे एक बंद खोली पडून होती. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, खोली तुमची. पण यंदा गणपतीत नाटकाऐवजी तुमच्या पोशाखांचा कार्यक्रम करू. दोन हजार वर्षांचे पोशाख! आणि शेवट आमच्या अंगरख्याने. कार्यक्रम झाला की किल्ली हातात."

आमचा अंगरखा! तो मुलुंडात कोणाला माहीत नव्हता? वकीलसाहेबांच्या पूर्वजांनी पेशव्यांचा उधळलेला घोडा धरला आणि पेशव्यांनी खूश होऊन स्वतःच्या अंगावरचा अंगरखा उतरवून त्यांना दिला, अशी कथा होती. मी मंडळात आलो तेव्हा तो घोडा होता. या कार्यक्रमाच्या सुमारास त्याचा हत्ती झालेला होता.

तयारी सुरू झाली. पहिला पोशाख सातवाहन काळातला. म्हणजे मुळात शिवलेलं काहीच नाही, कमरेला वस्त्र, खांद्यावर वस्त्र, बाकी माणूस. त्यासाठी बँकेतला एक उंच पोरगा निवडला. पण समोर महिला मंडळ बसणार म्हटल्यावर तो बनियन काढेना.

"मेल्या," मास्तर चिडले की मालवणीत शिरत, "दोन हजार वर्षांपूर्वी गंजीफ्राक खय होतो रे?"

"मास्तर, माझी आई येणार आहे बघायला."

"तिनाच तुका पयल्यांदा उघडो बघितल्यान ना?"

तरीही तो ऐकेना. शेवटी बनियन चहाच्या पाण्यात बुडवून कातडीच्या रंगाचं केलं. मास्तरांनी त्याला परवानगी दिली खरी, पण कार्यक्रमात ते जाहीर सांगून टाकणार या अटीवर. आणि खरंच त्यांनी सांगितलं. "ह्या काळी असं वस्त्र होतं. आतलं बनियन मात्र ह्याच्या आईच्या काळातलं." असा तो माणूस. कपड्याबद्दल खोटं बोलायचं म्हटलं की त्यांची जीभच उचलत नसे.

कार्यक्रमाच्या पाच दिवस आधी वकीलसाहेबांनी तो लाल जरीचा अंगरखा मास्तरांच्या हाती दिला. तो ते स्वतः घालणार होते. पण पेशव्यांची कंबर आणि वकिलीची कंबर यांत वीतभर अंतर पडत होतं. "दोन्ही कुशींत पट्टी घाला," वकीलसाहेब म्हणाले. "उसवावं लागेल तेवढं उसवा."

मास्तरांना ही परवानगी म्हणजे तुम्हाला-मला बक्षीसच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पडदा सारला, ट्रंकेवर अंगरखा पालथा पसरलेला होता. एक दोरा त्यांनी सुईच्या टोकावर धरला. मग त्याच शिवणीतून दुसरा काढला.

"किती दोरे?"

"दोन."

"हातशिलाईला एक दोरा लागतो. वरून एक, खालून एक, हे काम कोणाचं?"

मी त्यांच्या पायमशीनकडे बघितलं. पेशवाईत मशीन नव्हतं, एवढा इतिहास मलाही येत होता.

"सगळी शिलाई अशीच आहे," मास्तर म्हणाले. "पट्टी नंतर घातली, दुरुस्ती केली, असं म्हणायची सोय नाही. सगळा अंगरखा मशीनवरचा. फार तर पन्नास वर्षांचा. आणि हे बघ." त्यांनी कुशीची शिवण आणखी उलगडली. आत दुमडलेल्या कापडात हिरव्या काठाची बोटभर पट्टी होती, तिच्यावर बारीक कुयऱ्यांची ओळ. "लुगड्याचा काठ. शालू कापलाय कोणीतरी. लग्नातला असणार. असला शालू बाईला दुसरा मिळत नाही."

मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही काही बघितलंच नाही. पट्टी घाला, शिवून टाका, किल्ली घ्या."

"शिवतो ना."

"आणि स्टेजवर काय सांगणार?"

"तेच तर," ते म्हणाले. ते खाली बसले. पाठीमागे त्या अकरा ट्रंका. "माणसांबद्दल मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन रे चिटणीसा. बायकोशी तर रोज बोलतो. कपड्याबद्दल नाही बोललो. आता बोललो तर ह्या सगळ्या ट्रंका ठेवून काय करू? आणि खरं बोललो तर ठेवू कुठे?"

मग उसवलेली कूस सारखी करत तेच म्हणाले, "शतक सांगणारच नाही. हात कसा आहे तेवढं सांगतो. हात फार चांगला आहे."

दोन दिवसांनी माप बघायला आम्ही वकीलसाहेबांच्या बंगलीवर गेलो. साहेब कोर्टातून यायचे होते. ओटीवर त्यांची आई वाल सोलत बसली होती. त्यांना सगळे माई म्हणत. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, आणि ऐकू कमी येतं असं सांगून हवं तेवढं ऐकणाऱ्या.

"मास्तर, उसवलात का हो?" त्यांनी विचारलं.

"उसवला, माई."

"आतून?"

"आतूनच."

माईंनी दोन-तीन वाल सोलले. "मग?"

"मग परत शिवला," मास्तर म्हणाले. "जसा होता तसा. दोनच पट्ट्या घातल्या. काठ आहे तिथेच ठेवलाय."

माईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आत हाक मारून त्यांनी मास्तरांसाठी चहा मागवला आणि तो पिऊन झाल्यावर आणखी एक. मला एकच मिळाला. मी हे तेव्हा नुसतं चहापुरतं मनात ठेवलं. बावीस वर्षांच्या माणसाला दुसरं काय कळणार!

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचला. मुलुंडचेच काय, भांडुपचेही लोक आले होते. मास्तर प्रथमच इस्त्रीचा शर्ट घालून एका बाजूला उभे होते. एकेक पोशाख समोरून जाई आणि ते सांगत. खांद्यावरच्या मोकळ्या वस्त्राला सुई कशी लागली, घोड्यावर बसणाऱ्याला धोतर सोडून चोळणा का लागला, पगडी डोक्यावर बांधायची ती आयती बसवायची कशी झाली, लुगडं नऊ वारांवर कसं गेलं आणि आता पाचांवर कसं उतरतंय. "माणूस तोच," ते मधेच म्हणाले. "थंडी वाजते, लाज वाटते आणि शेजाऱ्यापेक्षा बरं दिसावंसं वाटतं. शिंप्याचं पोट ह्या तिघांवर." हॉल इतका हसला की कनातीमागे कोणीतरी बाकावरून पडलं.

आणि मग अंगरखा आला. वकीलसाहेब स्वतः, पगडी, शेला, गळ्यात मोत्यांचा कंठा. कुशींतल्या पट्ट्या जिवाच्या आकांताने तग धरून होत्या. आल्या आल्या त्यांनी माइक हातात घेतला आणि पूर्वज, पेशवे, हत्ती सगळं सांगितलं. "आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रांच्या आधी ह्या वस्त्राची पूजा होते," ते म्हणाले. "वडील गेल्यापासून तीस वर्षं मी स्वतः ह्याला साष्टांग नमस्कार घालतोय. आता मास्तर तज्ज्ञ म्हणून दोन शब्द सांगतील."

मास्तर पुढे आले. सवयीने त्यांनी अंगरख्याची कड दोन बोटांत धरली.

"ह्या अंगरख्याची काख बघा," ते म्हणाले. "इथे चौकोनी तुकडा बसवावा लागतो, तेव्हा हात वर होतो. भल्याभल्या शिंप्यांचा तो चुकतो. हा सुतभर हललेला नाही. आणि हे कापड बघा. शिंपी असता तर त्याने बेतताना थोडं राखलं असतं. हे ज्याने बेतलं त्याने स्वतःसाठी काही राखलेलं नाही. मी पस्तीस वर्षं कपडे बघतोय. ह्या हाताला माझा नमस्कार."

टाळ्या पडल्या. सुटलो, असं वाटलं.

पण साक्षीदाराला सोडून देईल तो वकील कसला! "वा! पण मास्तर, शतक राहिलं," वकीलसाहेब म्हणाले. "सगळ्यांचं शतक सांगितलंत. ह्याचं?"

"हात चांगला आहे, साहेब."

"ते झालं. अठरावं शतक ना? हो की नाही, एवढंच सांगा."

मी पडद्याआडून त्यांना खुणा करत होतो, मान हलवा, नुसती मान हलवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वकीलसाहेबांच्या दुसऱ्या हातात पाकीट होतं त्याकडे बघितलं. त्यात खोलीची किल्ली होती, ती समारोपात द्यायची होती. त्यांनी अंगरख्याची कड सोडली.

"साहेब," ते म्हणाले, "माका तां सांगूक येवचा नाय."

"म्हणजे? तुम्हाला शंका आहे?" वकीलसाहेबांचा आवाज कोर्टातला झाला. "सगळ्या गावासमोर तुम्ही असं सुचवताय, की..."

"अरे, त्यांना कशाला छळतोस?"

पहिल्या रांगेतून माई उठल्या होत्या. एका हाताने खुर्चीची पाठ धरून.

"तो मी शिवलाय."

वकीलसाहेब खाली वाकून म्हणाले, "आई, तू बस. तुला ऐकू आलं नाही नीट."

"मला सगळं ऐकू येतं. तू बस." आणि मग त्या वळून, हॉलकडे तोंड करून बोलायला लागल्या, ओटीवर बसून शेजारणीशी बोलावं तसं. "आम्ही तेव्हा ठाण्याला होतो. हा पाळण्यात. पेटी उघडली तर खऱ्या अंगरख्याला वाळवी लागलेली, नुसती माती. आणि मामंजी दसऱ्याला येणार! त्यांना तो बघायला लागायचा. शेजारच्या पारशीणबाईंचं हातमशीन मागून आणलं. लाल जरी कुठून आणू? म्हणून लग्नातला शालू कापला. तीन दुपारी लागल्या. ह्याच्या वडिलांनाही बोलले नाही. पुढे शालू कुठाय विचारलं कोणी, तर सांगितलं, वाळवीने खाल्ला. थोडंसंच खोटं ते. वाळवीने खाल्लं होतंच, फक्त कपडा दुसरा."

मागच्या रांगांतले लोक नीट ऐकू यावं म्हणून उभे राहिले होते.

मास्तर मात्र स्टेजच्या अगदी कडेला येऊन उकिडवे बसले. सगळ्या गावाला ते विसरले होते. "माई," ते म्हणाले, "काखेचा नमुना कोणाचा धरलात?"

"एक बाही शिल्लक होती हो. ती उसवली, आणि बघत बघत शिवलं."

मास्तरांनी हात जोडले.

खोलीचं काय झालं, ते विचाराल म्हणून सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली आली, वकीलसाहेबांकडून नाही, माईंकडून. सोबत डबाभर वालाची उसळ. अकरा ट्रंका आम्ही चौघांनी हातगाडीवरून नेल्या. मास्तर पुढे नऊ वर्षं त्या खोलीत बसून शिवत, उसवत आणि शाळेतल्या पोरांचे शर्ट चोळत राहिले. मधल्या सुट्टीत माई कधी कधी काठी टेकत यायच्या आणि दोघं एखाद्या बाहीवरून तासभर भांडायची. मग मास्तरांची नजर गेली आणि ते गावी परतले. एकदा त्यांचं पत्र आलं होतं, दुसऱ्याच्या हातचं. खाली लिहिलं होतं, 'इथले लोक काय घालतात ते आता बोटांनी बघतो.' त्यानंतर पत्र आलं नाही. ट्रंका एका कॉलेजच्या नाट्यमंडळाने मागून नेल्या. त्या खोलीत आता शाळेचे बॅट-स्टंप असतात. मी गेलो की उगाच दार ढकलून बघतो, ट्रंकांतल्या कापराचा वास यावा अशा आशेने. येतो तो तेल चोपडलेल्या बॅटींचा.

पण त्या संध्याकाळी हॉल रिकामा झाला नव्हता अजून. हसावं की टाळ्या वाजवाव्यात हे कोणाला कळत नव्हतं. स्टेजच्या मधोमध वकीलसाहेब पगडीसकट उभे होते, आणि आपल्याच छातीवरची जरी अशी बघत होते की जणू ती आत्ताच कोणीतरी त्यांच्या अंगावर टाकली आहे. माइक हातात आहे हे त्यांना आठवत नव्हतं. त्यामुळे ते जे आईला हळूच विचारायला गेले, ते भांडुपपर्यंत ऐकू गेलं असेल.

"आई, मग इतकी वर्षं मी दसऱ्याला साष्टांग नमस्कार घालत होतो तो कोणाला?"

माई खाली बसत होत्या. त्या अर्ध्यातच थांबल्या.

"मला! एरवी कधी वाकला असतास का रे माझ्यासमोर?"